बिरजुलामायची ढोली

ऐका तर मग. फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणज्यालाही मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा, आपल्या पळसबोडीत बिरजुला नावाची एक बाई राहायची. अंगाने काटकुळी, जिभेने तिखट, आणि चालायला अशी झपाट्याची, की तिच्या मागून तलावाच्या पाळीवर निघालेल्या बाप्याला धाप लागावी. तिला देवीचा अवतार म्हणणारे लोक नंतर झाले. ती जिवंत असताना कोणी तसं म्हटलं असतं, तर हातातली काठी उगारून तिने त्याला तलावाच्या त्या टोकापर्यंत पिटाळलं असतं.

आज तिच्या नावाने गावात ट्रस्ट आहे. त्यातून कुणाला शिलाई मशीन मिळते, कुणाच्या पोरीची कॉलेजची फी भरली जाते, दंडारीच्या नाटकमंडळीला नवा पडदा येतो. हे सगळं निघालं एका ढोलीतून. ढोली म्हणजे बांबूच्या काड्यांनी विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाहून उंच अशी धानाची कोठी. वरून धान ओतायचं. खाली एक भोक असतं, त्यातला चिंध्यांचा बोळा काढला की धान खाली येतं. पण ढोलीत धान यायचं तर आधी शेतात पाणी यावं लागतं, म्हणून गोष्ट पाण्यापासून सांगायला हवी.

पळसबोडी हे झाडीपट्टीतलं गाव. इथे नदी नसली तरी चालतं, तलावावाचून चालत नाही. तलावाला मातीची लांब पाळ, पाळीच्या पोटात तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड, आणि त्या तोंडाला लाकडी खुंट. धानाला पाणी हवं झालं की पाणकराने तलावात बुडी मारायची, खुंट उपसायचा, आणि पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, आधी जाईल, कुणाच्या मागून, ते ठरवायचं. बिरजुलेचा नवरा दसरू हा गावचा पाणकर. भला माणूस होता, पण एका साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. बिरजुला एकटी उरली.

दसरूचं दिवसकार्य झाल्यावर पंच मंडळी मोहाच्या झाडाखाली बसली, नवा पाणकर नेमायला. बाईला बुडी जमेल का, बाईने पाणी वाटलं तर लोक मुकाट ऐकतील का, अशी चर्चा रंगली. अजून तंबाखू मळून व्हायची होती, तेवढ्यात शेजारच्या पाटातून खळखळत पाणी आलं. पाण्यामागोमाग ओल्या लुगड्याने बिरजुला आली.

"बसा जी, बसा," ती म्हणाली. "पानी सोडून आली मी. तुमचं चालू द्या."

पंचांनी तंबाखू तोंडात टाकली आणि उठून आपापल्या बांधीकडे गेले. असं म्हणतात, की त्या दिवशी ती बुडी मारून इतका वेळ खाली राहिली, की तळाशी तलावाच्या देवीने तिला बसायला पिढा दिला आणि पान खाऊ घातलं. पान खाल्लं असेल नसेल, पण त्या दिवसापासून पळसबोडीचं पाणी बिरजुलेच्या हातात आलं ते आलं.

तिची पाणी वाटायची रीत सरळ होती. ज्याची बांधी तलावापासून सगळ्यात लांब, त्याला पाणी आधी. जवळच्याने थांबायचं. लांबचे खूश झाले, जवळचे धुमसू लागले. जवळच्यांत सगळ्यात जवळची होती सयत्रा. ती बिरजुलेची शेजारीण, दोघींच्या घरांत एकच भिंत. आजवर सयत्राच्या बांधीला सगळ्यांच्या आधी पाणी मिळायचं, आता सगळ्यांच्या शेवटी मिळू लागलं. एका वर्षी पाणी तिच्या बांधीपर्यंत पोचता पोचता आटलं, तिचं धान पोचट निघालं, आणि तिने बिरजुलेशी बोलणं सोडलं.

बोलणं सोडलं म्हणजे तोंड बंद केलं असं मात्र कुणी समजू नका. लेकी बोले सुने लागे, तसं सयत्रा अंगणातल्या म्हशीला बोले आणि ते भिंतीपलीकडे बिरजुलेला लागे. बिरजुला रोज सकाळी धान कांडून कोंडा परसात टाकायची. तो टिपायला सयत्राच्या कोंबड्या कुंपणाखालून पलीकडे जायच्या. "जा, जा, मरा तिच्याच दारात!" सयत्रा ओरडायची. "फितूर मेल्या!" आणि पलीकडून बिरजुला आणखी मूठभर कोंडा टाकायची. वर्षानुवर्षं हे असं चाललं.

पीक निघालं की प्रत्येक बांधीमागे एक सूप धान पाणकराला द्यायचं, अशी गावाची रीत. एकट्या बाईला खाऊन खाऊन किती लागणार? उरलेलं ती ढोलीत ओतायची. ढोली भरत गेली. मग कुणी अडलं-नडलं की तिच्याकडे यायचं, आणि ती बोळा काढून सूपभर द्यायची. परत मागायची नाही. दार दिवसभर उघडं. "ज्याले पाहिजे त्यानं यावं, मांगावं, न्यावं," असं ती सांगायची, आणि आपण फार चांगलं करतो आहोत असं तिला वाटायचं. वाटण्यासारखंच होतं ते.

मग एक वर्ष असं आलं, की ढग यायचे, बघायचे आणि निघून जायचे. तलावाचा तळ उघडा पडला. त्या वर्षी बिरजुलेच्या दारात रीघ लागली. ज्याचा आवाज मोठा त्याला दोनदा मिळालं. जो रडून मागे त्याला तीनदा. बिरजुला देत राहिली.

एका दुपारी ती तलावाकडे गेली. पाणी नव्हतं, पण पाय सवयीने तिकडेच वळायचे. तळाच्या भेगाळलेल्या चिखलात तिला एक माणूस पालथा पडलेला दिसला. तो लहानू ढिवर होता, तलावात मासे धरून पोट भरणारा. तलाव आटला आणि त्याचं जाळं भिंतीला लागलं. पोरांसाठी कमळाचे कांदे खणायला तो आला होता आणि खणता खणता भोवळ येऊन पडला होता. धोतराच्या ओच्यात चिखलाने माखलेले कांदे होते. त्यातला एकही त्याने तोंडात घातला नव्हता.

बिरजुलेने त्याच्या तोंडात पाणी घातलं. त्याने डोळे उघडले तशी ती कडाडली, कारण घाबरली की ती कडाडायचीच. "लहानू, माही ढोली दिसली नाही काय रे तुले? दार उघडं होतं ना बाबा!"

"दिसे ना, माय. रोजच दिसे."

"मंग आला काऊन नाही?"

लहानूने ओच्यातले कांदे चाचपले. मग म्हणाला, "मांगाले तोंड लागते, माय. देवानं मले जाळं देल्लं. तोंड नाही देल्लं."

बिरजुलेने त्याला खांद्याचा आधार देऊन घरी नेलं. त्याच्या घरात तीन पोरं भिंतीला टेकून बसली होती, रडतही नव्हती. तिने स्वतःच्या हाताने पेज शिजवली आणि स्वतःच्या हाताने भरवली. घरी परतली तेव्हा तिचं दार उघडंच होतं, आणि दारात मोठ्या आवाजाची दोन माणसं सूप घेऊन बसली होती. त्या उघड्या दाराचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. ज्याच्या अंगात दारापर्यंत यायचा धीर नाही, त्याला उघडं दार काय कामाचं?

दुसऱ्या दिवशी तिने मोहाच्या झाडाखाली गाव गोळा केलं.

"आजपासून आपल्यासाठी कोनी मांगाचं नाही," ती म्हणाली. "शेजाऱ्यासाठी मांगाचं. चारचौघांत, नाव घेऊन मांगाचं. खरं का खोटं, मी इचारनार नाही. पन ज्यानं मांगलं त्यानंच धान नेऊन द्याचं, आन त्याच्याच घरी बसून जेवाचं."

"शेजाऱ्याच्या घरात काय हाय आन काय नाही, आमाले कसं समजन?" एकाने विचारलं.

"शेजाऱ्याच्या घरी भांडन झालं तं बरं समजते तुमाले!" बिरजुला म्हणाली. "धूर पाहा. ज्याच्या चुलीचा धूर दिसला नाही, त्याच्यासाठी या."

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागणी भरायची असं ठरलं. बिरजुला ढोलीपाशी उभी राही, मागणारा अंगणात येई. ती एकच प्रश्न विचारी, "कोनासाठी?" तो नाव सांगे. झालं.

सुरुवातीला गंमत झाली. झिबल आणि टुकडू असे दोघे जिवलग होते, कामाला आळशी आणि जेवायला पुढे. त्यांनी आपसात ठरवलं, तू माझ्यासाठी माग, मी तुझ्यासाठी मागतो. बिरजुलेने दोघांनाही दिलं. शब्दाने विचारलं नाही. मग झिबल टुकडूच्या घरी जेवायला गेला, टुकडू झिबलच्या. दर आठवड्याला नवऱ्याचा दोस्त ताटावर बसलेला बघून दोघांच्या बायका अशा काही तापल्या, की महिन्याभरात दोघेही कुदळ घेऊन पाळीच्या कामावर हजर झाले. काम कसलं असतं ते त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं, असं म्हणतात.

त्या काळी कोण कुणाच्या हातचं खातो, कोण कुणाच्या उंबऱ्याशी थांबतो, याची बंधनं मोठी होती. जेवणाच्या अटीवर कुरकुर झाली. काही जणांनी धान नेलं आणि अंगणातच ठेवून परत आले. बिरजुला त्यांना पुढच्या खेपेला एवढंच म्हणायची, "तुमी त्याच्या घरी जेवले नाही, तं त्याची भूक तुमाले दिसलीच नाही. मंग मांगता कायच्या भरवशावर?" हळूहळू लोक उंबरे ओलांडायला लागले. सगळे नाही, पण लागले.

माणसांचं झालं तसं मंडळांचंही झालं. गावात भजनवाले होते आणि दंडारवाले होते. दंडार म्हणजे आपलं नाचगाण्याचं नाटक, रातभर चालणारं. भजनवाले म्हणत, दंडारीने पोरं बिघडतात. दंडारवाले म्हणत, भजनाने झोप येते. दंडारवाल्यांचं ढोलकं फुटलं तेव्हा नियमाने त्यांना स्वतःसाठी मागता येईना. शेवटी भजनातले म्हातारे बुवा खाली मान घालून ढोलीपाशी आले.

"कोनासाठी?"

"त्या... त्या नाच्यांसाठी."

"नाव घ्या, बुवा."

बुवांनी नाव घेतलं. धान विकून ढोलकं आलं. आणि ज्याने मागितलं त्याने जाऊन बसायचं, या नियमाने सगळं भजनी मंडळ दंडारीला पहिल्या रांगेत बसलं. पहाटे घरी जाताना बुवा एक गाणं गुणगुणत होते, ते अभंगाचं नव्हतं, असं म्हणतात.

लोक जगले. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि ज्यांना मिळालं होतं ते धान घेऊन परत आले. बिरजुलेने परतफेड घेतली नाही. "ढोलीत टाकाचं तं टाका, मले देऊ नका," ती म्हणाली. मग प्रत्येक बांधीमागे पाणकराचं एक सूप आणि ढोलीचं एक सूप अशी रीतच पडली. असं म्हणतात, की त्यानंतर ढोली कधी रिकामी झाली नाही. खालून काढलं की वरून भरायची. काही शहाणे सांगतात, लोकच गुपचूप टाकून जायचे. असेल तसं. पण धान देवीने भरलं काय आणि शेजाऱ्याने भरलं काय, भात सारखाच शिजतो.

वर्षं गेली. बिरजुलेचे गुडघे गेले, बुडीचा दम गेला. तिने तुडुमाचा खुंट नव्या पाणकराच्या हातात दिला, आणि पाणकराचं सूप आता त्याच्या घरी जाऊ लागलं. ते रीतीला धरूनच होतं. ढोली मात्र बिरजुलेच्या घरात राहिली, काठोकाठ भरलेली, आणि मागणीच्या सकाळी तीच तिथे उभी राहायची.

आणि इथे गावाची चूक झाली. अशी चूक फक्त पळसबोडीच करू जाणे. सगळ्या गावाला शेजाऱ्याचा धूर बघायची सवय लागली होती, पण बिरजुलेसाठी मागावं असं एकाच्याही मनात आलं नाही. ढोलीवाली माय ती, तिला काय कमी? हाताशी ढोली आहे, घेत असेल मूठभर. ज्यांच्या मनात शंका आली, त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणी मागितलं असेल.

बिरजुला मूठभरही घेत नव्हती. आपल्यासाठी मागायचं नाही हा नियम तिने केला होता, आणि न मागता घेणं तर त्याहून वाईट. काही दिवस ती लोकांचं धान कांडून देऊन पोट भरत होती. मग हात कापायला लागले, मुसळ पेलेना. भादव्याचा महिना आला. जुनं संपलेलं, नवं शेतात हिरवं. ती परसातला भाजीपाला उकडून खाऊ लागली. तोही संपला तेव्हा नुसतं पाणी उकळून प्यायला लागली.

चूल मात्र ती रोज पेटवायची. धूर दिसला नाही तर लोक येतील, विचारतील, आणि ते तिला नको होतं. मग चूल फुंकता फुंकता तिलाच राग यायचा, की एवढ्या गावात एकालाही कसं कळत नाही. डोळ्यांत पाणी आलं की ती धुराला शिव्या द्यायची. एका भिंतीला टेकून ढोली, दुसऱ्या भिंतीला टेकून ती. एके सकाळी तिला चिखलात पडलेला लहानू आठवला, आणि त्याच्यावर आपण कडाडलो होतो याची तिला लाज वाटली. भरल्या ढोलीपाशी उपाशी मरायची वेळ आली होती आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

गावाला धूर दिसत होता, म्हणून गाव निर्धास्त होतं. भिंतीपलीकडे मात्र सयत्राचं डोकं भलत्याच गोष्टीने उठलं होतं. तिच्या कोंबड्या घरीच राहायला लागल्या होत्या. कुंपणाखालून जात, परसात दोनदा चोच मारत आणि परत येत. आधी सयत्राला आनंद झाला. "आल्या का शुद्धीवर?" ती म्हणाली. दोन दिवसांनी तिला चुकल्यासारखं वाटू लागलं. भांडणाऱ्या बाईचे कान शेजारच्या घरातच असतात. तिने कान देऊन ऐकलं. पलीकडून मुसळाचा आवाज नव्हता. मुसळ नाही म्हणून कोंडा नाही. कोंडा नाही म्हणून कोंबड्या नाहीत. आणि तरी धूर मात्र आहे.

सयत्रा उठून म्हशीपाशी गेली. "बाई गं," ती म्हशीला म्हणाली, "ते तं नुसतं पानी शिजवून रायली."

मागणीची सकाळ उजाडली. अंगणात माणसं जमली होती. बिरजुला ढोलीला पाठ लावून उभी होती, कारण आधाराशिवाय उभं राहणं तिला जमत नव्हतं, आणि लोकांना तो तिचा रुबाब वाटत होता. दोन-चार मागण्या झाल्या. मग गर्दी बाजूला सरली आणि सयत्रा पुढे आली. किती वर्षांनी तिचं पाऊल त्या अंगणात पडलं होतं!

बिरजुलेने तिच्याकडे न बघता विचारलं, "कोनासाठी?"

"शेजारनीसाठी."

"नाव घे. नियम हाय."

"तिचं नाव न घ्याची शपथ हाय मले," सयत्रा म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला होता, पण तो भांडणाचा नव्हता. "पन आज मोडतो ती शपथ. बिरजुलेसाठी मांगाले आली मी. बिरजुलेसाठी!"

बिरजुलेचा चेहरा लाल झाला. "तिले काही कमी नाही," ती कशीबशी म्हणाली. "रोज धूर निघते तिच्या घरून."

"खरं का खोटं ते तू इचारत नाहीस ना? तुहाच नियम हाय. मंग सूप दे!"

बिरजुलेने सूप उचललं, आणि ते तिच्या हातून गळून पडलं. तेव्हा कुठे गावाला तिची हाडं दिसली, बसलेले गाल दिसले. लहानू ढिवर, आता तोही पिकला होता, सगळ्यांच्या मागे उभा राहून ओक्साबोक्शी रडू लागला. नवा पाणकर कपाळावर हात मारून घेत होता. सगळ्या गावाने एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी मान खाली घातली.

सयत्राने खाली पडलेलं सूप उचललं आणि स्वतःच ढोलीचा बोळा काढला. असं म्हणतात, की धान भराभरा आलं आणि आपोआप थांबलं. कुणी बोळा लावला नव्हता. सुपात बघतात तर सयत्राने मागितलं होतं एकीपुरतं, ढोलीने दिलं होतं दोघींपुरतं.

तिने ते तिथेच कांडलं. कोंडा पाखडला तशा तिच्या कोंबड्या कुंपणाखालून आल्या, आणि या खेपेला तिने त्यांना हाकललं नाही. भात शिजला. नियमाप्रमाणे दोघी एका चुलीपाशी जेवायला बसल्या. बिरजुला पहिला घास कितीतरी वेळ चावत बसली.

"खा ना वो," सयत्रा म्हणाली. "का माह्या हातचा गोड लागत नाही?"

"गोड लागते ना, बाई," बिरजुला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. या वेळी तिने धुराला दोष दिला नाही. "एवढी वर्षं देत रायली मी. मले वाटे, मोठं अवघड काम करतो. घेनं त्याहून अवघड हाय, सयत्रा. तुह्यामुळं समजलं. लय उपकार झाले."

"उपकार कायचे?" सयत्रा म्हणाली. "माह्या बांधीले एक साल आधी पानी देल्लं असतंस तं?"

आणि दोघी हसल्या. त्यानंतर बिरजुला बरीच वर्षं जगली, आणि त्या दोघींच्या चुली काही पुन्हा वेगळ्या पेटल्या नाहीत.

तिच्या जाण्याची गोष्टही ऐका. त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. तलाव तुडुंब भरला, पाळीतून पाणी पाझरायला लागलं. पाळ फुटली असती तर गाव उरलं नसतं. नवा पाणकर तीनदा बुडी मारून आला, पण फुगलेला खुंट त्याला उपसेना. लोक पोराबाळांना घेऊन टेकाडाकडे निघाले. तेवढ्यात पाटाने लोंढेच्या लोंढे पाणी धावू लागलं आणि तलाव बघता बघता उतरू लागला. खुंट निघाला होता. कुणी काढला? पाण्यात तर कुणीच नव्हतं.

सयत्रा सांगायला म्हणून घरी धावली. बिरजुला आपल्या बाजेवर शांत पडलेली होती. प्राण गेला होता. दार आतून लावलेलं, सयत्राला ते मोडून आत जावं लागलं. आणि बिरजुलेचे केस ओले होते, निथळत होते, असं म्हणतात. नखांत तळाचा काळा चिखल होता. सयत्राने पदराने तिचे केस पुसले आणि मग मोठ्याने हंबरडा फोडला.

बिरजुलामाय गेली, ढोली राहिली. ती ढोली वाळवीने खाल्ली, तेव्हा दुसरी विणली. पुढे धानाच्या जागी पैसे आले, कोठीच्या जागी बँक आली, आणि एका वर्षी गावाने रीतसर ट्रस्ट नोंदवला. नोंदणीला गेलेल्या पंचांना साहेब म्हणाले, अर्जावर अर्जदाराची सही लागते. पंच म्हणाले, आमच्याकडे अर्जदार स्वतःसाठी अर्ज करत नाही, शेजारी करतो. साहेबांनी डोकं धरलं. पण त्यांनी गावात येऊन एक मागणी पाहिली, एका घरी जेवले, आणि जाताना म्हणाले, तुमच्या पद्धतीने चालू द्या.

तसंच चालू आहे. आजही पळसबोडीत कुणी स्वतःसाठी मागत नाही. महिला बचत गटासाठी क्रिकेटवाली पोरं मागतात, आणि पोरांच्या बॅटींसाठी बचत गटातल्या बाया मागतात. मागणारा अजूनही त्या घरी जाऊन जेवतो. पण सगळ्यात मोठी रीत आहे ती वर्षाच्या पहिल्या मागणीची. नवं धान निघालं की मोहाच्या झाडाखाली गाव जमतं, आणि दुसऱ्या कुणाचंही नाव घ्यायच्या आधी, जो त्या वर्षी देणाऱ्याच्या जागी बसलेला असतो, त्याच्यासाठी त्याच्या शेजाऱ्याने मागायचं. देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. याला म्हणतात बिरजुलेची मागणी.

गेल्या वर्षी त्या जागी कापगते गुरुजी होते. निवृत्त शिक्षक, एकटे राहतात, पेन्शन आहे, स्वभाव ताठ. "माझ्याकडे सगळं आहे, पुढचं नाव घ्या," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांची शेजारीण वच्छला उभी राहिली. गुरुजींच्या टीव्हीच्या आवाजावरून तिचं आणि त्यांचं हाडवैर आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"कोणासाठी?" गुरुजींनी नियमाप्रमाणे विचारलं.

"कापगते गुरुजीसाठी," वच्छला म्हणाली. "कानाची मशीन."

गुरुजी हाताचा द्रोण कानाला लावून पुढे झुकले. "काय म्हणते ही?" त्यांनी विचारलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मंजुरीचे हात वर केले.

मशीन आली त्या दिवशी वच्छला त्यांच्या घरी जेवायला गेली. वाढायला गुरुजी स्वतः उभे होते. टीव्ही बंद होता. जेवता जेवता ती मान खाली घालून, अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाली, "गुरुजी, भात पायजे होता थोडा."

आणि गुरुजींनी तिच्या ताटात भात वाढला.